आउटबोर्ड मोटर मंद गतीत मिस मारते, प्लग काळे होतात: दोष शोधण्याचा नेमका क्रम

वेगात होडीची मोटर छान पळते. रेस उतरवली की मात्र गचके देते, न्यूट्रलला थडथडते आणि गिअर टाकताच बंद पडते. झाकण काढून पाहावं तर प्लग काळाकुट्ट, नाहीतर ओलाचिंब. अशा वेळी बहुतेक जण दोनच गोष्टी करतात: नवे प्लग बसवतात आणि कार्बोरेटरचा स्क्रू पिळतात. अर्धा दिवस मोटर बरी चालते, मग पुन्हा तेच. तोवर जुने प्लग फेकलेले असतात आणि स्क्रू मुळात कुठे होता हेही आठवत नाही. म्हणजे बिघाड तसाच राहिला आणि तो शोधायच्या दोन्ही खुणा गेल्या.

काळा झालेला प्लग दोष कुठे आहे ते सांगत असतो, म्हणून तो आधी वाचायचा. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. मधल्या पायऱ्यांचा क्रमही बदलायचा नाही, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा पाया आहे. खालचा क्रम कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या, मोटरसाठी आहे. फोर-स्ट्रोकमध्ये काय वेगळं, ते शेवटाकडे दिलं आहे.

## तयारी

प्लगचा पाना, फीलर गेज, कंप्रेशन गेज, गॅप कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर, काचेची स्वच्छ बरणी, वीतभर पारदर्शक पेट्रोल नळी, कार्बोरेटर क्लीनर, हवेचा दाब, पुठ्ठा आणि पेन एवढं जवळ हवं. मोटरच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअलही हवंच. प्लगचा नंबर, गॅप आणि आयडलचे (सर्वांत मंद गतीचे) आरपीएम मॉडेलप्रमाणे बदलतात, त्यामुळे शेजारच्या मोटरचे आकडे चालत नाहीत.

एक जास्तीची छोटी टाकी, ताजं पेट्रोल आणि नवी नळी अशी वेगळी जुळणी हाताशी असली तर निम्मा वेळ वाचतो. मोटर त्या टाकीवर नीट चालली, तर दोष जुन्या टाकीत किंवा नळीत आहे हे दहा मिनिटांत कळतं.

सावधान: पाण्याशिवाय मोटर क्षणभरही चालवू नका. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (आत फिरणारं चक्र) कोरडा फिरला की काही सेकंदांत खराब होतो. पाण्याबाहेर चालवायची असेल तर फ्लशिंग मफ (बागेच्या नळीने मोटरला पाणी देणारे रबरी कप) लावा, पंखा (प्रोपेलर) काढून ठेवा, रेस वाढवू नका. काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेट घेते.

## १. हात लावण्याआधी लक्षणं लिहून काढा

मोटर थंड असताना मिस मारते की तापल्यावर? न्यूट्रलला की गिअरमध्ये? सुरू केल्या केल्या की दहा मिनिटं मंद चालल्यावर? शेवटचं पेट्रोल कधी भरलं? कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू, मिश्रणाचा आणि वेगाचा, आता कुठे आहेत? मिश्रणाचा स्क्रू आत टेकेपर्यंत किती फेरे बसतात ते मोजा, लिहा आणि परत तेवढाच बाहेर काढा. टेकवताना हात हलका ठेवा. जोर दिला तर सुईच्या टोकाला खाच पडते आणि ते कार्बोरेटर पुन्हा कधी नीट जुळत नाही.

मोटर गचके देत असतानाच दोन चाचण्या करून घ्या.

पहिली, चोक किंचित ओढा. मोटर सुधारली तर तिला पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली तर आधीच जास्त मिळतंय.

दुसरी, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबत राहा. त्याने मोटर सावरली तर दोष टाकी, नळी किंवा फ्युएल पंपात आहे.

## २. प्लग क्रमाने काढा आणि वाचा

मोटर काही मिनिटं मंद गतीतच चालवा आणि तिथेच बंद करा. बंद करताना रेस मारायची सवय अनेकांना असते. तेवढ्यानेही प्लगवरची खूण पुसली जाते.

हेड थंड होऊ द्या. ते अॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग जोराने फिरवला तर आटे निघून येतात. प्लगभोवतीची वाळू आणि मीठ आधी फुंकून काढा, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये पडेल. पुठ्ठ्याला भोकं पाडून आकडे टाका (बहुतेक मोटरमध्ये सर्वांत वरचा सिलिंडर १ नंबरचा) आणि प्रत्येक प्लग आपापल्या भोकात उभा ठेवा.

आता उजेडात पाहा.

बदामी किंवा फिकट तपकिरी: तो सिलिंडर ठीक आहे.

कोरडी, मखमली काजळी, बोटाला लागणारी: पेट्रोलचं प्रमाण जास्त, इंजिन गार चालतंय, किंवा तासन्‌तास मंद गतीत वापर.

काळा, ओला, तेलकट: तेल जास्त पडतंय, किंवा तो सिलिंडर पेटतच नाही आणि मिश्रण तसंच साचतंय.

ओला, पण काजळी नाही, नुसता पेट्रोलचा वास: स्पार्क नाही, किंवा पेट्रोल ओतलं जातंय.

संशय यावा इतका लख्ख धुतलेला, कधी गंजाचा ठिपका: सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. हेड गॅस्केट तपासा.

पांढराफटक, पोर्सिलीनवर फोड किंवा चकचकीत कण: इथेच थांबा. मिश्रण कोरडं पडून, म्हणजे पेट्रोल कमी मिळून, पिस्टन जळू लागला आहे. कारण सापडेपर्यंत मोटर चालवू नका.

रंगाइतकीच महत्त्वाची असते ती तुलना, आणि ती फार थोडे लोक करतात. सगळे प्लग सारखेच काळे असतील तर कारण सगळ्या सिलिंडरना समान आहे: तेलाचं प्रमाण, चोक, थर्मोस्टॅट, चुकीच्या नंबरचे प्लग. एकच वेगळा असेल तर दोष त्याच सिलिंडरच्या कंप्रेशन, कॉइल, कार्बोरेटर किंवा नळीत शोधा. एकच प्लग ओला असताना टाकीतलं तेलाचं प्रमाण कमी करत बसणं ही नुसती चूक नाही, तो धोका आहे. कोरडे होतात ते बाकीचे, धडधाकट सिलिंडर.

## ३. कंप्रेशन

हे आधी, कारण कंप्रेशन गेलेलं असेल तर पुढची कुठलीही जुळणी टिकत नाही.

सगळे प्लग बाहेर. किल स्विचची (मोटर तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढलेली. प्लगच्या सगळ्या वायरी इंजिनच्या धातूला अर्थ केलेल्या. सीडीआय (कपॅसिटरवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक) इग्निशनमध्ये वायर मोकळी लटकत ठेवून इंजिन फिरवलं तर स्पार्कला जायला वाट मिळत नाही आणि कॉइल किंवा पॉवर पॅक (इग्निशनचा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो. थ्रॉटल पूर्ण उघडा. गेजचा काटा वर जायचा थांबेपर्यंत दोरी ओढा किंवा स्टार्टर मारा. प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्या.

आकडा किती आला यापेक्षा आकड्यांतला फरक पाहा. एक ११० पीएसआय आणि दुसरा १०५ असेल तर काळजी नाही. एक ११० आणि दुसरा ८० असेल तर रिंग, पिस्टन किंवा गॅस्केटचं काम आहे, कार्बोरेटर उघडून उपयोग नाही. फरक १० टक्क्यांच्या आत असावा.

तपासा: थ्रॉटल बंद राहिलं तर हवा आत जात नाही आणि सगळेच आकडे कमी येतात. चांगलं इंजिन खराब ठरवण्याआधी एकदा खात्री करा.

## ४. स्पार्क

प्लग वायरला लावून इंजिनवर टेकवायचा आणि दोरी ओढून ठिणगी पाहायची, ही सर्वांच्या सवयीची पद्धत. ती अपुरी आहे. मोकळ्या हवेत मरतुकडा स्पार्कही अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा गॅप ओलांडतो. सिलिंडरमधल्या दाबाखाली तोच विझतो. म्हणून गॅप टेस्टर वापरा. बऱ्याच सीडीआय मोटरमध्ये सुमारे ११ मि.मी. अंतर निळ्या, कडक आवाजाच्या ठिणगीने ओलांडलं जातं. पिवळट, बारीक, मधूनच गायब होणारी ठिणगी म्हणजे दोष.

एकाच सिलिंडरचा स्पार्क कमजोर असेल तर त्याची कॉइल दुसऱ्या सारख्या सिलिंडरला लावून पाहा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली. जागेवरच राहिला तर पुढे पॉवर पॅक, ट्रिगर, स्टेटर. ती तपासणी साध्या मल्टिमीटरने पुरी होत नाही, क्षणिक उच्च दाब मोजणारं अॅडॅप्टर लागतं. बहुतेकदा मात्र गोष्ट इतकी लांब जात नाही. प्लगच्या टोपीतली स्प्रिंग गंजलेली असते, कॉइलची अर्थ वायर सैल असते, किंवा वायरला चीर असते. अंधारात मोटर चालवून पाहिलं की त्या चिरेतून उडणारी निळी ठिणगी डोळ्यांना दिसते.

सावधान: टेस्टर प्लगच्या भोकापासून लांब ठेवा. इंजिन फिरताना त्या भोकातून पेट्रोलची फवार बाहेर पडते. चालू मोटरची प्लग वायर हाताने उपटू नका.

## ५. सगळे प्लग सारखेच काळे असतील तर

तेल. ५०:१ म्हणजे लिटरला २० मि.लि., २५:१ म्हणजे लिटरला ४० मि.लि. मापाचं भांडं वापरा, बाटलीच्या झाकणाने अंदाज घेऊ नका. आधीचं मिश्रण टाकीत उरलेलं असताना वरून पुन्हा पूर्ण टाकीचं तेल ओतणं ही नेहमीची चूक. तेल टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरसाठीच्या) दर्जाचंच हवं. मोटरसायकलचं टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनांसाठी असतं. पाण्याने थंड होणाऱ्या मोटरमध्ये त्याची राख प्लगवर आणि रिंगांच्या खाचांत बसते. तेल आपोआप मिसळणाऱ्या मोटरमध्ये तेल पंपाची कांडी थ्रॉटलबरोबर खुणेवर जुळते का ते पाहा.

चोक आणि प्रायमर. चोकची पाती पूर्ण उघडते का, हे बोटाने हलवून बघा. इलेक्ट्रिक प्रायमर (थंड इंजिनाला सुरू होताना जास्तीचं पेट्रोल देणारा भाग) असेल तर त्याच्याकडून इंजिनकडे जाणारी बारीक नळी मोटर चालू असताना चिमटीत दाबा. मोटर एकदम साफ चालू लागली तर प्रायमरची झडप गळते आहे.

थर्मोस्टॅट. हा फार दुर्लक्षित भाग. मिठामुळे किंवा वाळूच्या कणामुळे तो उघडाच अडकला तर इंजिन कधी पुरतं तापतच नाही आणि मंद गतीत प्लग स्वतःवरची काजळी जाळू शकत नाही. मोटर गरम होत नाही म्हणून आपण खूश असतो, दोष तिथेच असतो. काढून खोलीच्या तापमानाला पाहा: फट दिसता कामा नये. मग दोऱ्याने टांगून पाण्यात तापवा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडला पाहिजे. कटकट नको म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं म्हणजे हा दोष कायमचा बसवून घेणं.

प्लगचा नंबर. एनजीकेच्या प्लगमध्ये नंबर मोठा तर प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. चॅम्पियनमध्ये नेमकं उलटं, नंबर मोठा तर प्लग गरम. एका कंपनीच्या नंबरवरून दुसऱ्या कंपनीचा प्लग अंदाजाने घेतला की घोटाळा होतो. काजळी जळावी म्हणून मुद्दाम गरम प्लग बसवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. मंद गतीत काजळी कमी दिसेल, पण पूर्ण वेगात तोच प्लग मिश्रण वेळेआधी पेटवतो आणि पिस्टनला भोक पाडतो.

## ६. टाकीपासून पंपापर्यंत

टाकीच्या तळाचं पेट्रोल बरणीत घ्या आणि अर्धा तास हलवू नका. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल शोषतं आणि एका मर्यादेनंतर पाणी-इथेनॉलचा थर खाली बसतो. अशा पेट्रोलवर औषध टाकू नका, ते बदला.

मग टाकीच्या झाकणाची हवेची कळ उघडी आहे का, बल्बवरचा बाण इंजिनकडे आहे का, जोडणीच्या टोकातली रबरी रिंग चिरली आहे का, हे पाहा. नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतला पापुद्रा सुटून झडपेसारखा बंद होतो, असंही होतं. नक्की कळण्यासाठी पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडा. बुडबुडे येत असतील तर हवा कुठूनतरी ओढली जातेय.

फ्युएल पंपाचा डायफ्रॅम (पातळ पडदा) फाटला तर आणखी एक गंमत घडते, जी माहीत नसेल तर माणूस दिवसचे दिवस भलत्याच जागी शोधतो. पंप एका सिलिंडरच्या क्रँककेसमधल्या (क्रँक फिरतो त्या बंद कप्प्यातल्या) दाबावर चालतो. फाटलेल्या डायफ्रॅममधून पेट्रोल थेट त्याच क्रँककेसमध्ये ओढलं जातं. परिणामी तेवढाच एक प्लग ओला होतो.

खालचाच प्लग सारखा ओला होत असेल तर आणखी एक जागा आहे. माझ्या दोन सिलिंडरच्या जुन्या मोटरचा खालचा प्लग दर फेरीला तेलाने माखायचा. कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा धुतला, प्लगच्या तीन जोड्या लावल्या. शेवटी क्रँककेसच्या तळात साचलेलं पेट्रोल-तेल परत वर नेणारी बारीक नळी काढून फुंकली. हवा जाईना. तिच्या टोकाच्या झडपेत काळ्या गुळाच्या पाकासारखा चिकट गोळा बसला होता. तो काढला आणि त्या दिवसापासून दोन्ही प्लग एका रंगाचे निघू लागले. या नळ्या मॅन्युअलच्या आकृतीत शोधा आणि एकेक फुंकून पाहा.

## ७. कार्बोरेटर

आतापर्यंतचं सगळं ठीक निघालं तरच उघडा.

काढण्याआधी एक चाचणी: मोटर बंद ठेवून बल्ब कडक होईपर्यंत दाबा. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल ठिबकलं तर फ्लोटची सुई बसत नाही, म्हणून मिश्रण जड होतंय, म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. मोटर चालू असताना कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलची वाफ उलटी उडत असेल तर कार्बोरेटर निर्दोष आहे. कार्बोरेटरमागच्या रीड व्हॉल्व्हची (एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेची) पाती तुटली किंवा वाकली असेल.

मंद गतीचं पेट्रोल केसाएवढ्या जेटमधून आणि थ्रॉटलच्या पातीलगतच्या दोन-तीन सूक्ष्म भोकांतून येतं. मोटर पेट्रोलसकट महिनोन्‌महिने पडून राहिली की तिथे लाखेसारखा थर बसतो. मुख्य जेट मोठा असल्याने वेगात काही जाणवत नाही. कार्बोरेटर नुसता बाहेरून फवारून ही भोकं साफ होत नाहीत. सुई आणि जेट पूर्ण काढा, प्रत्येक भोकात क्लीनर मारा आणि तो पलीकडून बाहेर पडताना डोळ्यांनी पाहा. मग हवा मारा. चष्मा लावा, क्लीनर उलटा डोळ्यांत उडतो.

चूक: जेटमध्ये तार घालणं. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मोटर कायमची जास्त पेट्रोल खाते.

गॅस्केट नवीन लावा, फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे मोजा. एकापेक्षा जास्त कार्बोरेटर असतील तर सगळ्यांची पाती एकाच क्षणी उघडायला लागली पाहिजे. तो समतोल नसेल तर पुढची पायरी निष्फळ.

## ८. नवे प्लग आता

काजळलेले प्लग वाळूच्या फवाऱ्याने साफ करू नका, पोर्सिलीनच्या फटीत अडकलेले कण सिलिंडरमध्ये पडतात. दोष काढल्यावर नवा संच टाका. गॅप फीलर गेजने तपासा, खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. प्लगच्या मागे रबरी नळीचा तुकडा खोचून हाताने फिरवत बसवा. आटे तिरके लागले तर नळी घसरते आणि हेड वाचतं. वॉशरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा, जुना परत लावत असाल तर फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरतो.

## ९. आयडल: पाण्यात, गिअरमध्ये, गरम इंजिनावर

मफ लावून, न्यूट्रलला केलेली जुळणी पाण्यात टिकत नाही. पाण्यात एक्झॉस्टला मागून दाब असतो आणि गिअरमध्ये पंख्याचा भार. तेव्हा होडी घट्ट बांधा, पंख्याजवळ कोणी नाही हे पाहा, मोटर दहा मिनिटं चालवून गरम करा आणि फॉरवर्ड गिअर टाका.

मिश्रणाचा स्क्रू मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या जागेवर, सहसा टेकल्यापासून एक ते दीड फेरा बाहेर, ठेवलेला असावा. आता तो अष्टमांश फेऱ्याने आत घ्या आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. परत थोडा आत, परत थांबा. ही वाट पाहणंच लोकांना जमत नाही. इंजिनला बदल कळायला तेवढा वेळ लागतो. एका टप्प्यावर मोटर कार्बोरेटरच्या तोंडातून फट्‌कन शिंकेल. ती मिश्रण कोरडं पडल्याची खूण. तिथून स्क्रू पाव फेरा बाहेर काढा. कार्बोरेटर अनेक असतील तर एकेकाचं असंच करा.

हे मिश्रणाच्या स्क्रूबद्दल झालं. काही कार्बोरेटरमध्ये हवेचा स्क्रू असतो, त्याची दिशा उलटी. कुठला आहे ते मॅन्युअलमध्ये पाहूनच हात घाला.

मग वेगाच्या स्क्रूने आरपीएम लावा. अनेक मध्यम मोटरना गिअरमध्ये ६५० ते ७५० सांगितलेले असतात, लहान मोटरना जास्त.

तपासा: मंद गतीतून थ्रॉटल झटकन उघडा. मोटर अडखळली किंवा शिंकली तर मिश्रणाचा स्क्रू अष्टमांश फेरा आणखी बाहेर. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेलही येतं, म्हणून किंचित जास्तीकडे झुकलेलं बरं.

## फोर-स्ट्रोक असेल तर

वाचन, कंप्रेशन, स्पार्क, पेट्रोल हा क्रम तोच. तेलकट प्लगचं कारण मात्र बहुधा डिपस्टिकवर सापडतं: तेल खुणेच्या वर भरलेलं, किंवा मोटर चुकीच्या कुशीवर आडवी ठेवलेली. कुठली कूस चालते ते मोटरवरच्या खुणेत किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. डिपस्टिकच्या तेलाला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढत असेल तर इंजिन गार चालतंय, पुन्हा थर्मोस्टॅट बघा. व्हॉल्व्हचा क्लिअरन्स बिघडला तरी आयडल हलतं.

## दोन फेऱ्यांनंतर

पहिल्या दोन फेऱ्यांनंतर प्लग पुन्हा काढून त्याच पुठ्ठ्यात लावा आणि रंग शेजारी लिहून ठेवा. तासन्‌तास मंद गतीत चालणाऱ्या मोटरला मधून मधून मिनिटभर चांगला वेग द्या, काजळी जळते. पूर्ण थ्रॉटलला मोटर मॅन्युअलमधल्या आरपीएमपर्यंत पोचत नसेल तर बहुधा पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर) जास्त आहे आणि मोटर कायम ओझ्याखाली चालते आहे. असं असेल तर कार्बोरेटर पुन्हा उघडू नका, पंखा बदला.